दोन तालमींच्या मधला वस्ताद

आपल्या घरात 'तालीम' म्हटले की मुलांची पुस्तके, शाळा, कॉलेज डोळ्यांपुढे येते. कोल्हापूर-सांगलीकडे 'तालीम' म्हटले की लाल मातीचा हौदा, दोरीवर वाळत घातलेले लंगोट आणि पहाटेच्या अंधारात जोर मारणारी पोरे. शब्द एकच, अरबीतून आलेला, आणि अर्थही एकच : शिकणे, शिकवणे. 'उस्ताद'चा मराठीत 'वस्ताद' झाला, 'पहलवान'चा 'पहिलवान'. 'कुस्ती' आणि 'खुराक' हेही फारसीकडूनच आले. मराठी माणूस हौद्यात उतरला की निम्मे शब्द आपल्या घरचे बोलतो आणि बहुतेक वेळा त्याला ते ठाऊकही नसते. रुकाना पहिलवानाचा प्रसंग तर आपल्याकडे लहान मुलांनाही सांगितला जातो. तेव्हा कुस्ती आपल्याला परकी नाही. परका वाटतो तो तिचा पेशा. मुलगा कुस्ती खेळला तर आपण कौतुक करतो. पण 'मी कुस्ती शिकवून घर चालवीन' असे तो म्हणाला की दस्तरखानावर सन्नाटा पसरतो.

अंधेरीच्या एका घरात सध्या असाच सन्नाटा आहे. तिथल्या एका भगिनीने आम्हाला कळवले आहे की मुलगा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोनदा उतरला, एकदा उपांत्य फेरीपर्यंत गेला. मोठे पदक आपल्या हातून होणार नाही हे त्याचे त्यालाच कळून चुकले आहे. मात्र व्यायामशाळेतल्या धाकट्या मुलांना डाव दाखवायला त्याला मनापासून आवडते आणि ती मुलेही त्याचे ऐकतात. त्याला कॉलेजचा कुस्ती कोच व्हायचे आहे. अब्बांचे म्हणणे, यात आज खुराक आणि उद्या फाके. आई विचारते, ह्या वाटेला पुढे काही आहे का?

आहे, पण सरळ नाही. म्हणून आधी एका कॉलेजची हकिकत सांगतो.

कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा एक किरकोळ अंगाचा मुलगा तिथे शिकायला आला. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. त्यांनी मुलाला पाचव्या वर्षापासून मातीत उतरवलेले. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला तो गेला, तेव्हा खेळाच्या शिक्षकांनी त्याची अंगकाठी पाहून नाव घ्यायला नकार दिला, असे सांगतात. मुलगा थेट प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली आणि त्याने आपल्याहून दांडग्या गड्यांना चीत केले. हा मुलगा म्हणजे खाशाबा जाधव.

या हकिकतीत आम्हाला खाशाबांइतकेच ते खेळाचे शिक्षक महत्त्वाचे वाटतात. ते वाईट होते असे नाही. हजार मुलांच्या कॉलेजात प्रत्येकाला पारखायला वेळ कुणाला असतो? त्यांनी शरीर पाहिले, चपळाई पाहिली नाही, एवढेच. पण कॉलेजच्या कोचचा पहिला धंदा हाच आहे, पाहण्याचा. तालमीतला वस्ताद मुलाला पाच-सहा वर्षे रोज पाहतो. कॉलेजच्या कोचकडे मुलगा तीन वर्षे असतो, त्यातले पहिले वर्ष ओळख होण्यात आणि शेवटचे परीक्षेच्या धास्तीत जाते. मधल्या वेळात ज्याला मुलगा दिसला, तो कोच. खाशाबांच्या नशिबाने कोल्हापुरात त्यांना पाहणारी माणसे होती. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी या दोन मार्गदर्शकांची नावे त्यांच्या चरित्रात येतात. त्या दोघांच्या नावाने कुठले स्टेडियम असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या खर्चाने खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले. मातीत वाढलेला मुलगा पहिल्यांदा मॅटवर उभा राहिला. मातीची कुस्ती पाठ लागली की संपते. मॅटची गुणांवर चालते, तिथे वर्तुळ असते, घड्याळ असते, आणि पायाखाली पकड वेगळी लागते. हे सगळे लंडनमध्ये त्यांना रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन कुस्तीगीराने शिकवले. परक्या देशाच्या, परक्या भाषेच्या मुलाला त्याने घडवले. खाशाबा सहावे आले.

पुढची चार वर्षे त्यांनी हेलसिंकीची तयारी केली. जायला पैसे नव्हते. गावोगाव फिरून वर्गणी जमवली आणि उरलेल्या रकमेसाठी त्याच प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. १९५२ चे सात हजार. आमच्या वाचक भगिनींना विचारा, त्या काळात एवढ्या पैशात काय काय होत असे, त्यांच्या सासूबाई सांगतील.

हेलसिंकीत काय झाले, हे नीट वाचा, कारण कोच कशाला लागतो याचे उत्तर तिथेच आहे. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली, अंगातले सगळे त्राण काढणारी लढत झाली. ती हरल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव्हसमोर उभे राहायला सांगितले गेले. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम पुस्तकातून काढून पंचांसमोर ठेवणारा एकही भारतीय अधिकारी त्या क्षणी तिथे नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले ते पहिले ऑलिम्पिक पदक. त्यानंतर दुसरे यायला १९९६ उजाडले. ते कांस्य किती मोठे होते हे यावरून कळते. पण अर्धा तास बसायला मिळाला असता तर त्याचा रंग वेगळा असता का, हा प्रश्न मराठी माणूस आजही विचारतो.

(जाता जाता : त्याच हेलसिंकीत इराणचा गुलाम रझा तख्ती रौप्य जिंकला आणि चार वर्षांनी मेलबर्नला सुवर्ण. इराणात त्याला आजही 'जहाँ पहलवान' म्हणतात.)

आज मॅटच्या कडेला कोचची खुर्ची असते. पंचांचा निर्णय चुकला असे वाटले तर कोच हातातला स्पंजचा ठोकळा मॅटवर फेकतो, लढत थांबते आणि पंच व्हिडिओ पाहतात. दावा खोटा ठरला तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, म्हणून तो ठोकळा फेकायलाही अक्कल लागते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंद. त्या तीस सेकंदांत कोच टॉवेलने वारा घालतो, पाणी देतो आणि एकच वाक्य बोलतो. दोन बोलला तर मुलाच्या डोक्यात एकही राहत नाही. नियमपुस्तक पाठ असणे, ते ठामपणे आणि न ओरडता मांडता येणे, इंग्रजीतला एखादा अर्ज जागेवर लिहिता येणे, हे सगळे या पेशात येते. अंधेरीच्या त्या अब्बांना आम्ही हेच सांगू की इथे नुसता दंड-मांडीचा माणूस चालत नाही, शिकलेला लागतो. पुस्तकाची तालीम आणि मातीची तालीम, या दोन्ही ज्याने केल्या तोच कॉलेजच्या कोचच्या कामाचा.

हेलसिंकीहून परतल्यावर खाशाबांची मिरवणूक १५१ बैलगाड्यांची होती. ती सगळे सांगतात. त्यानंतर त्यांनी कुस्त्या भरवल्या आणि त्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले, हे कमी जण सांगतात. १९५५ साली ते मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागले, खात्यात खेळाचे प्रशिक्षकही झाले, २७ वर्षे नोकरी करून सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. आता १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. ज्याने मॅटवरची कुस्ती लंडन-हेलसिंकीत स्वतःच्या अंगावर शिकून घेतली, त्याच्यासाठी महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाने कायमची खुर्ची ठेवली असती तर किती पोरे घडली असती, असे आमच्या मनात येते. त्या काळी असे कुणाला सुचले नाही.

अमेरिकेत सुचले होते. तिथे कुस्तीचे मोठे मैदान म्हणजे विद्यापीठच. डॅन गेबल या मल्लाने १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये समोरच्या कुणालाही एक गुण न देता सुवर्ण जिंकले आणि नंतर आयोवा विद्यापीठात कोच म्हणून वीसेक वर्षे काढली. त्याच्या हाताखाली आयोवाने राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा १५ वेळा जिंकली. तिकडे कॉलेजचा कुस्ती कोच म्हणजे पगारी, मानाचा, गावात ओळखला जाणारा माणूस. आपल्याकडे सरकारने प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला तो १९८५ साली, आणि पहिल्याच वर्षीच्या तिघांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. मराठी नाव. नंबियार यांचे नाव पी. टी. उषामुळे अनेकांना माहीत असते. भागवतांचे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले होते? आम्ही चार-पाच जणांना विचारून पाहिले, सगळे गप्प.

मात्र अमेरिकेतली सगळीच गोष्ट घेण्यासारखी नाही. १९९७ च्या अखेरीस तिथे तीन वेगवेगळ्या विद्यापीठांतले तीन कुस्तीगीर पाच आठवड्यांत दगावले. तिघेही कमी वजनाच्या गटात बसण्यासाठी घाम गाळून, पाणी तोडून वजन उतरवत होते. त्यानंतर तिथले नियम बदलले. आपल्या मुंबईच्या व्यायामशाळांत आजही स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्लास्टिकचे जॅकेट घालून पळणारी, थुंकून थुंकून वजन कमी करणारी मुले दिसतात. विनेश फोगाट पॅरिसला १०० ग्रॅमनी बाद झाली तेव्हा सगळा देश हळहळला. पण शंभर ग्रॅमचा तो हिशेब गल्लीतल्या पोरांच्या जिवाशी रोज खेळतो. मुलगा कुठल्या वजनात खेळणार हे दोन महिने आधी ठरवणे आणि त्याला हळूहळू तिथे आणणे, नाहीतर वरच्या गटात खेळवणे, हे कोचचे काम. रमजान स्पर्धेच्या तोंडावर आला तर हे आणखी जपावे लागते. रोजेदार मुलाचा जोराचा सराव इफ्तारनंतर ठेवणारा, दिवसा त्याला फक्त डाव समजावणारा कोच मिळाला तर त्याच्या जातीधर्माची चौकशी करू नका, मुलगा त्याच्या हवाली करा.

आता आपल्या उपनगराकडे येऊ. अंधेरीहून स्लो लोकलने पाचवे स्टेशन कांदिवली. पूर्वेला आकुर्ली रोडवर भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे, म्हणजे साईचे केंद्र आहे. जोगेश्वरीत राहणारा, दूधवाल्याचा मुलगा नरसिंग यादव तिथे जगमाल सिंग या प्रशिक्षकांच्या हाताखाली वाढला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०११ पासून सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी, २०१५ च्या लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. ना कोल्हापूर, ना हरियाणा, आपल्या लोकलच्या डब्यातून जाणारा मुलगा. त्याच्या मागे वर्षानुवर्षे तोच एक कोच उभा होता.

आणि त्याच मुलाची पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. २०१६ साली, रिओच्या आधी, नरसिंगच्या तपासणीत बंदी असलेले स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यात कुणीतरी मिसळले, असे तो म्हणाला. आपल्या देशातल्या संस्थेने ते मानले, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मानले नाही. लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. खरे काय ते ठरवणारे आम्ही नाही. पण ज्या घरात पहिलवान आहे त्या घरातल्या आईने एवढे लक्षात घ्यावे की डबा कुठून आला, पावडरच्या डब्यावर काय लिहिले आहे, जिममधल्या कुठल्या 'भाई'ने कुठली गोळी दिली, हे विचारणे म्हणजे संशय नव्हे. चांगला कोच हे स्वतः विचारतो. 'खा, काही होत नाही' म्हणणारा कोच दिसला तर मुलाला दुसऱ्या दिवशी घरी ठेवा.

आता पोटाचा प्रश्न. कॉलेजात कुस्ती शिकवणारे दोन प्रकारचे लोक असतात. एक, शारीरिक शिक्षण संचालक. हे कायम पद, प्राध्यापकाच्या दर्जाचे, पगारही तसाच. त्याला शारीरिक शिक्षणातली एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट लागते. वर धावण्याची चाचणी असते : तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर. पदवीनंतर दोन वर्षांचे बी.पी.एड., मग दोन वर्षांचे एम.पी.एड., म्हणजे आणखी चार वर्षे अभ्यास. पण हा माणूस कुस्तीचाच असेल असे नाही. तो कबड्डी, खो-खो, कॅरम सगळ्यांचे अर्ज भरत असतो. दुसरा, हंगामापुरता मानधनावर बोलावलेला कोच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आली की दोन महिने बोलावणे, एरवी नाही. घर यावर चालत नाही. यातले बहुतेक जण सकाळी व्यायामशाळेत शिकवतात, दिवसा दुसरी नोकरी करतात. पहाटे पाचला उठणे आणि रात्री नऊनंतर जेवणे, असा त्यांचा दिवस. कुस्तीने फुटलेले कान आणि दुखरा गुडघा घेऊन ते हे करतात. घडवलेला मुलगा जरा चमकला की मोठ्या तालमीत जातो आणि पेपरात त्या तालमीचे नाव येते. अब्बांची भीती निराधार नाही, हे आम्ही लपवणार नाही.

दोन्हींच्या मधली वाट पतियाळाची. तिथल्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाची एक वर्षाची पदविका मिळते. लोक त्याला नुसते 'एनआयएस' म्हणतात. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्राचा छोटा अभ्यासक्रमही असतो. ज्याला या कामाची चव घेऊन पाहायची आहे त्याने आधी तो करावा. एनआयएस असेल तर साई, राज्याची क्रीडा केंद्रे, पोलिस, रेल्वे, मोठ्या शाळा यांची दारे ठोठावता येतात. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरलेल्या स्तरावरचे प्रावीण्य लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून कॉलेजातल्या प्रत्येक स्पर्धेचा कागद जपून ठेवा. अनेक घरांत पदके शोकेसमध्ये असतात आणि प्रमाणपत्र मात्र शोधूनही सापडत नाही.

त्या मुलाला आमचा सल्ला असा की बी.ए. पूर्ण कर, सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम कर, आणि तो करताना मन लागले तर बी.पी.एड.ला जा. फक्त मानधनाच्या भरवशावर निकाहाची तारीख ठरवू नकोस. आणि अब्बांना विनंती की दोन वर्षे द्या. मोहोळच्या सिकंदर शेखने २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरी जिंकली तेव्हा आपल्या वस्त्यांत मिठाई वाटली गेली. त्याचे वडीलही कुस्ती खेळलेले, हमाली करून त्यांनी मुलाला कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत ठेवले. मिठाई सगळ्यांना हवी असते. पण दर सिकंदरामागे मातीत उतरणारी शेकडो मुले असतात, आणि ती गदेसाठी नाही तर शिस्तीसाठी, संध्याकाळी नाक्यावर उभे राहायला नको म्हणून येतात. त्यांना शिकवायला कुणीतरी लागते. अंधेरी-जोगेश्वरीच्या पट्ट्यात अशी मुले किती आहेत ते आम्ही सांगायला नको. जोगेश्वरीच्या टेकडीवर १९३० पासून इस्माईल युसुफ कॉलेज उभे आहे, अंधेरीत भवन्स आहे, चिनॉय आहे. यातल्या प्रत्येक कॉलेजच्या फाटकातून रोज असा एखादा किरकोळ अंगाचा मुलगा आत जात असेल.

मुलींविषयीही दोन शब्द, कारण पुढच्या पत्रात तो प्रश्न येणारच. महिलांची कुस्ती ऑलिम्पिकमध्ये २००४ पासून आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. म्हणजे मुलींना शिकवणाऱ्या कोच हव्यात आणि त्या फार कमी आहेत. त्याच वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर देशाच्या पदकविजेत्या मुली कशासाठी बसल्या होत्या, हेही आपण विसरलेलो नाही. मुलगी शिकायला जाणार असेल तर आईने पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन बसावे. सरावाच्या वेळी दार उघडे असते का, दुसरी प्रौढ बाई हजर असते का, बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत कोण जाते, तक्रार कुणाकडे करायची याचा कागद भिंतीवर लावलेला आहे का, हे विचारावे. चांगल्या कोचला याचा राग येत नाही. तो खुर्ची आणून देतो.